उसनी खुर्ची

१९५४ साली त्रावणकोर-कोचीन राज्याचे अर्थमंत्री झोपडीत राहत. पी. एस. नटराज पिल्लै त्यांचे नाव. वडील सुंदरम पिल्लै हे ‘मनोन्मणीयम’ या तमिळ नाट्यकाव्याचे कर्ते, त्रावणकोर संस्थानात मान असलेले विद्वान. घरी जमीनजुमला होता. मुलगा चळवळीत पडला आणि तो जमीनजुमला संस्थानाने जप्त केला. पुढे मुलगा मंत्री झाला, तरी शाकारलेल्या छपराखालीच राहिला. ज्या पक्षाचे ते मंत्री होते, त्या प्रजा समाजवादी पक्षाचे निवडणूक चिन्हही झोपडीच होते. एखाद्या कथालेखकाने हे असे जुळवून आणले असते, तर संपादकाने लाल शाईने खोडून टाकले असते.

या झोपडीवाल्या पक्षाचे त्या वेळी विधानसभेत १९ आमदार होते. निवडणूक झालेल्या जागा ११७. मंत्रिमंडळात चार माणसे, चारही याच पक्षाची. सहा आमदारांमागे जेमतेम एक आपला, अशा बळावर हा पक्ष राज्य करत होता. काँग्रेसच्या ४५ आमदारांनी बाहेरून टेकू दिला होता. अल्पमतातले सरकार, बाहेरून पाठिंबा, टेकू काढणे, हे सगळे शब्द आज आपल्याला तोंडपाठ आहेत. तेव्हा ते कोरे होते आणि त्यांची किंमत काय पडते हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती किंमत या पक्षाने मोजली, आणि दहा वर्षांत दोनदा मोजली.

पक्षाची कुळकथा नाशिकपासून सुरू होते. १९३२-३३च्या सुमारास नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे अशी तरुण मंडळी एकत्र आली आणि काँग्रेसमध्येच समाजवादी गट काढायचा बेत शिजला. १९३४मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९४८ साली हीच मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली, तेही नाशिकच्याच अधिवेशनात. बाहेर पडताना उमेद दांडगी होती. काँग्रेसला पर्याय आपणच, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने ती उमेद जमिनीवर आणली. देशभरात साडेदहा टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि लोकसभेत जागा मिळाल्या १२. कम्युनिस्टांना मते याच्या एक तृतीयांश, जागा १६. मते सगळीकडे थोडी थोडी सांडली की काय होते, हे समाजवाद्यांना तेव्हा कळले. मग सप्टेंबर १९५२मध्ये आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण झाले आणि प्रजा समाजवादी पक्ष जन्माला आला. झोपडी हे चिन्ह कृपलानींकडून आले. समाजवाद्यांचा वटवृक्ष मागे पडला.

लगेच पुढचा प्रश्न दारात उभा राहिला: काँग्रेसशी वागायचे कसे? १९५३च्या सुरुवातीला नेहरूंनी जयप्रकाशांना सहकार्यासाठी बोलावले. जयप्रकाशांनी १४ कलमी कार्यक्रम पुढे ठेवला. त्यात बँका, विमा आणि खाणींचे राष्ट्रीयीकरणही होते. नेहरूंनी आधी शब्द द्यायला नकार दिला आणि बोलणी संपली. बोलणी संपली तरी वाद संपला नाही. जूनमध्ये बैतूलला भरलेल्या अधिवेशनात अशोक मेहतांनी मांडणी केली की मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या देशात विरोधकांनी सतत विरोधच करत राहणे परवडत नाही, जिथे पटते तिथे हातभार लावावा. पक्षातल्याच राममनोहर लोहियांना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांच्या लेखी काँग्रेस आणि कम्युनिस्ट दोघेही सारखेच दूरचे. वर्षअखेरीस अलाहाबादच्या अधिवेशनात पक्ष लोहियांच्या बाजूने झुकला आणि ते सरचिटणीस झाले. म्हणजे १९५४ उजाडले तेव्हा पक्षाचे धोरण ‘दोघांपासून सारखे अंतर’ असे होते. तीनच महिन्यांत त्याची परीक्षा झाली.

त्रावणकोर-कोचीनमध्ये फेब्रुवारीत निवडणूक झाली. तिथल्या प्रजा समाजवाद्यांनी कम्युनिस्ट आणि इतर डाव्यांशी जागांचा समझोता केला होता, म्हणजे लढत होती ती काँग्रेसशी. निकालात कोणालाच बहुमत नव्हते. काँग्रेसपुढे दोन रस्ते होते. एक तर डाव्यांना सत्तेत येऊ द्यायचे, नाहीतर डाव्यांच्या जोडीने निवडून आलेल्या या १९ जणांना त्यांच्यापासून फोडून गादीवर बसवायचे. काँग्रेसने दुसरा धरला. १६ मार्च १९५४ रोजी पट्टम थाणू पिल्लै मुख्यमंत्री झाले. डाव्यांशी समझोता करून निवडणूक आणि काँग्रेसच्या पाठिंब्याने सरकार! दोघांपासून सारखे अंतर राखण्याची ही तऱ्हा अजब खरी; पण पक्षाने मान्यता दिली. लोहिया त्या वेळी सरचिटणीसच होते, हेही विसरून चालणार नाही.

पट्टम हे तिरुवनंतपुरमच्या एका भागाचे नाव. थाणू पिल्लै तिथले. जन्म १८८५चा, म्हणजे काँग्रेसच्याच वयाचे. पेशाने वकील. सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या दिवाणगिरीविरुद्ध त्यांनी स्टेट काँग्रेस उभी केली आणि १९४८मध्ये त्रावणकोरचे पहिले लोकनियुक्त पंतप्रधान झाले. सात महिन्यांत स्वपक्षीयांनीच त्यांना खाली खेचले. त्यानंतर ते काँग्रेस सोडून समाजवाद्यांकडे आले. थोडक्यात, समाजवादाच्या ग्रंथांतून आलेला हा माणूस नव्हे. काँग्रेसवाल्यांशी हिशेब चुकता करायचा राहिलेला, प्रशासनावर पकड असलेला, हट्टी माणूस. छोट्या पक्षांना असे नेते मिळतात. माणूस आपले वजन घेऊन येतो, पक्ष त्या वजनाला आपली ताकद समजतो.

सरकारच्या पायाखाली सुरुंग होता तो दक्षिणेकडे. राज्याच्या टोकाला तोवाळै, अगस्तीश्वरम, कल्कुळम आणि विळवंकोड हे चार तालुके तमिळभाषकांचे. आम्हाला मद्रास राज्यात घाला, अशी त्यांची मागणी होती आणि ती घेऊन ए. नेसमणी यांची त्रावणकोर तमिळनाड काँग्रेस लढत होती. विधानसभेत तिचे १२ आमदार होते. मल्याळी पक्षांना मात्र कन्याकुमारीपासून कासरगोडपर्यंत अखंड केरळ हवा होता आणि पट्टम त्याला अपवाद नव्हते. जुलैत नेसमणींसह काही नेत्यांना मुन्नारकडे अटक झाली. ११ ऑगस्ट १९५४ रोजी आंदोलकांनी ‘मुक्तिदिन’ पाळला. मार्तांडम आणि पुदुक्कडै इथे जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसे मेली.

मंत्रिमंडळात अर्थखाते सांभाळणारे नटराज पिल्लै एका तमिळ महाकवीचे चिरंजीव होते, याची आठवण इथे होते. त्यांच्या मनात त्या रात्री काय आले असेल ते आले असेल. सरकार मात्र पोलिसांच्या बाजूने उभे राहिले.

लोहिया त्या वेळी अलाहाबादेजवळच्या नैनी तुरुंगात होते. उत्तर प्रदेश सरकारने पाटपाण्याचे दर वाढवले होते. ते भरू नका, असे शेतकऱ्यांना सांगितल्याबद्दल त्यांना पकडले होते. (याच खटल्याने पुढे इतिहास घडवला. १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि भाषणस्वातंत्र्यावरच्या खटल्यांत तो आजही सांगितला जातो.) तुरुंगातूनच त्यांनी तार पाठवली: मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा. त्यांचे म्हणणे सरळ होते. स्वातंत्र्यानंतर काँग्रेस सरकारांनी जिथे जिथे गोळीबार केला, तिथे तिथे आपण राजीनामे मागितले आणि न्यायालयीन चौकशी मागितली. आता गोळी आपल्या पोलिसांच्या बंदुकीतून सुटली, तर माप बदलणार कसे?

बाकीच्या बहुतेक नेत्यांचे उत्तरही अगदीच पोकळ नव्हते. जमाव हिंसक झाला, पोलीस कोंडीत सापडले, तर काय करायचे? प्रत्येक गोळीबारानंतर सरकार जाऊ लागले, तर कोणीही उठून दंगल घडवील आणि सरकार पाडील. सत्ता हातात घेतली की तिची घाणही हातांना लागणार, ती टाळायची असेल तर सत्तेत जाऊच नये. हा युक्तिवाद समंजस माणसांचा आहे आणि जगातल्या बहुतेक सरकारांनी तोच केला आहे. तरी मला लोहियांचे पारडे जड वाटते, आणि ते अहिंसेच्या तत्त्वामुळे नव्हे. १९ आमदारांच्या पक्षापाशी दुसरे होते काय? संख्या काँग्रेसची, रस्त्यावरची संघटना कम्युनिस्टांची, जातींच्या सभा इतरांच्या. या पक्षाची स्वतःची म्हणावी अशी एकच मिळकत होती: आम्ही जे दुसऱ्याला लावतो तेच स्वतःला लावतो, ही ख्याती. खुर्ची उसनी होती, ती आज ना उद्या जाणारच होती. तिच्यासाठी घरचे एकुलते एक सोने गहाण टाकले.

पट्टम राजीनामा द्यायला तयार नव्हते. पक्षाच्या कार्यकारिणीने गोळीबाराबद्दल खेद व्यक्त केला, पण मंत्रिमंडळाला जा म्हणून सांगितले नाही. लोहियांनी सरचिटणीसपद सोडले. नोव्हेंबरात नागपूरला खास अधिवेशन भरले ते मुख्यतः याच प्रश्नावर. दूर दक्षिणेतल्या दोन गावांची नावे, जी विदर्भातल्या प्रतिनिधींना धड उच्चारताही येत नसतील, त्यांवरून अख्खा पक्ष दुभंगला होता. बहुमत सरकारच्या बाजूने पडले. आचार्य नरेंद्र देव अध्यक्ष झाले आणि फुटलेले भांडे सांधायच्या कामाला लागले.

ज्या सरकारसाठी हे सगळे केले, ते त्यानंतर तीन महिनेही टिकले नाही. अर्थमंत्री पिल्लैंनी कुळांना संरक्षण देणारी आणि जमीनधारणेवर मर्यादा घालू पाहणारी विधेयके आणली. मोठे जमीनमालक आणि मळेवाले अस्वस्थ झाले, काँग्रेसचे आमदारही. फेब्रुवारी १९५५मध्ये अविश्वासाच्या ठरावावर काँग्रेसने टेकू काढून घेतला. तमिळनाड काँग्रेसने साथ दिली, ती देणारच होती. नवे मुख्यमंत्री काँग्रेसचे पनंपिळ्ळी गोविंद मेनन. एका महिन्यापूर्वी, जानेवारीत, याच काँग्रेसने मद्रासजवळच्या आवडी इथल्या अधिवेशनात ‘समाजवादी धर्तीची समाजरचना’ हे ध्येय मोठ्या गाजावाजाने स्वीकारले होते. जमीन विधेयके आणणाऱ्या समाजवाद्यांना पाडायला हा मुहूर्त चांगला निघाला.

आवडीच्या ठरावाने पक्षातली भेग आणखी रुंदावली. त्या ठरावाचे स्वागत करायचे की त्याला थोतांड म्हणायचे, यावरून जुंपली. त्यातून मुंबईत मधु लिमयांना निलंबित केले गेले, पुढे लोहियांनाही. १९५५ संपून १९५६ लागताना हैदराबादला लोहियांनी स्वतंत्र समाजवादी पक्ष काढला. फेब्रुवारीत नरेंद्र देव वारले. सांधणारा माणूस गेला.

मराठी वाचकाला या प्रकरणात एक वेगळीच बोच लागते. मार्तांडमला जे लोक पडले ते भाषेच्या आधारावर राज्याची हद्द मागत होते. सव्वा वर्षाने, २१ नोव्हेंबर १९५५ला, मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी जे पडले तेही तेच मागत होते. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी याच प्रजा समाजवादी पक्षाचे. म्हणजे झोपडी चिन्हाचा एक मुख्यमंत्री भाषिक मागणी करणाऱ्यांवर गोळी चालवणाऱ्या पोलिसांची पाठराखण करत होता आणि त्याच चिन्हाचे कार्यकर्ते इथे तशाच गोळीबाराचा जाब मुंबईचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांना विचारत होते. इकडे १०६ हुतात्म्यांची आठवण आपण दरवर्षी काढतो. तिकडचे चार तालुके १ नोव्हेंबर १९५६ला मद्रास राज्यात गेले, त्यांचाच कन्याकुमारी जिल्हा झाला. पट्टम सरकारने ज्यासाठी पोलीस उभे केले, ती हद्द सव्वादोन वर्षेही टिकली नाही.

आणखी एक विसंगती होती. महाराष्ट्रात समितीच्या व्यासपीठावर एसेम आणि कॉम्रेड डांगे शेजारी बसत होते. केरळात मात्र १९५७ला ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार आले आणि पट्टम त्याच्या कट्टर विरोधकांत जाऊन बसले. शिक्षण विधेयकावरून चर्च आणि नायर सेवा समाज पेटून उठले. मन्नत पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखाली ‘विमोचन समरम्’ म्हणजे मुक्तिलढा झाला, त्यात काँग्रेस आणि मुस्लीम लीगच्या जोडीला प्रजा समाजवादीही होते. १३ जून १९५९ला अंगमाली इथे पोलिसांच्या गोळीबारात सात जण मेले. सरकार चालते व्हा, असा गजर सगळ्यांनी केला. पाच वर्षांपूर्वीचे मार्तांडम कोणी आठवले असेल, तर ते कम्युनिस्टांनीच. ३१ जुलैला केंद्राने ते सरकार बरखास्त केले.

फेब्रुवारी १९६०च्या मध्यावधी निवडणुकीत काँग्रेस, प्रजा समाजवादी आणि लीग एकत्र लढले. मतदान ८० टक्क्यांच्या बरेच वर गेले. कम्युनिस्टांची मते ३५ टक्क्यांवरून ३९वर चढली, पण समोर तिघे एक असल्याने जागा उतरल्या २९वर. काँग्रेस ६३, प्रजा समाजवादी २०, लीग ११. एकूण जागा १२६, म्हणजे काँग्रेस बरोबर निम्म्यावर अडकली. या एका जागेच्या तुटीने पट्टम पुन्हा मुख्यमंत्री झाले. काँग्रेसमधले गट एकमेकांचे नाव पुढे येऊ देत नव्हते. सगळ्यांच्याच मते पट्टम बिनधोक होते: वय ७४, पाठीशी २० जण. लोकांना तडजोडीचा मुख्यमंत्री हवा असतो तेव्हा ते नेहमी असाच माणूस शोधतात, ज्याला नंतर उठवता येईल.

या वेळी टेकू बाहेरून नव्हता, आघाडीचे मंत्रिमंडळ होते. अकरा मंत्री: काँग्रेसचे आठ, प्रजा समाजवाद्यांचे तीन. उपमुख्यमंत्री आर. शंकर यांच्याकडे अर्थ, पी. टी. चाको यांच्याकडे गृह. लीगला मंत्रिमंडळात घ्यायला काँग्रेस तयार नव्हती, म्हणून तिच्या सीति साहेबांना सभापतिपद दिले. ते १९६१मध्ये वारले. त्यांच्या जागी लीगचेच सी. एच. मोहम्मद कोया हवे असतील, तर त्यांनी आधी लीगचे सदस्यत्व सोडावे, अशी अट काँग्रेसने घातली. कोयांनी ती पाळली आणि काही महिन्यांतच सभापतिपदावर लाथ मारली. निवडणुकीत ज्यांची मते चालतात त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायला लाज वाटते, हा आघाडीतला जुना खेळ. मुख्यमंत्री मधल्या मध्ये गप्प होते.

त्याच वर्षी इडुक्की जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरातल्या शेतकरी कुटुंबांना हुसकावण्यात आले. त्यांची घरे मोडून, बायकामुलांसकट ट्रकमध्ये घालून, कुमिळीजवळ अमरावती नावाच्या ठिकाणी नेऊन सोडले. ऐन पावसाचे दिवस, डोक्यावर छप्पर नाही. जूनमध्ये कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन तिथे जाऊन उपोषणाला बसले, आणि कालपर्यंत कम्युनिस्टांविरुद्ध लढलेले फादर वडक्कनही त्यांच्या बाजूने उभे राहिले. गृहखाते चाकोंकडे होते हे खरे. पण लोकांच्या तोंडी सरकार मुख्यमंत्र्याच्या नावानेच असते. झोपडी चिन्हाच्या मुख्यमंत्र्याच्या राज्यात झोपड्या मोडल्या गेल्या, एवढे लोकांच्या लक्षात राहिले.

काँग्रेसला आता आपला मुख्यमंत्री हवा होता. पट्टमांना पाडायला गेले असते तर आघाडी जाहीरपणे मोडली असती, म्हणून त्यांना वर चढवले. सप्टेंबर १९६२मध्ये त्यांची पंजाबच्या राज्यपालपदी नेमणूक झाली. त्यांनी ती स्वीकारली. एका दिवसात आर. शंकर मुख्यमंत्री झाले. सरकार तेच, आघाडी तीच, फक्त पक्षाच्या हातातले एकमेव मोठे पद निघून चंदीगडच्या राजभवनात गेले होते. मागे राहिलेल्या दोघा प्रजा समाजवादी मंत्र्यांनी ऑक्टोबरमध्ये राजीनामे दिले.

अशोक मेहतांचेही काहीसे असेच झाले. १९५४च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकरांबरोबर भंडाऱ्यातून उभे राहून जिंकलेले हे नेते १९६३च्या अखेरीस नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि पुढच्या वर्षी काँग्रेसमध्ये गेले. बैतूलचा प्रबंध त्यांनी स्वतःपुरता तरी सिद्ध केला. १९६४मध्ये उरलेला पक्ष लोहियांच्या पक्षाशी पुन्हा एक झाला, आणि वर्षभरात पुन्हा फुटला.

केरळात मात्र एक बाकी चुकती व्हायची होती. १९६४मध्ये पी. टी. चाको वारले आणि त्यांचे अनुयायी असलेले १५ काँग्रेस आमदार शंकर यांच्यावर उलटले. सप्टेंबरात विधानसभेत अविश्वासाचा ठराव आला, हे १५ जण विरोधकांबरोबर गेले आणि सरकार कोसळले. ठराव मांडणारे होते कायंकुळमचे पी. के. कुंजू, १९५४च्या त्या चार मंत्र्यांपैकी एक.